शेकर खुंटीपट्टी घरच्या घरी

आपल्याकडं वाड्यात खुंट्या असायच्याच की, शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी तीच गोष्ट भिंतभर पट्टी करून वापरली, झाडताना खुर्च्यासुद्धा टांगायचे. १७७४ला इंग्लंडहून अमेरिकेत गेलेला हा पंथ, मॉड्युलर किचनची साधी चौकटीची दारं पण त्यांच्याकडनंच आली.

मी सांगलीत वखारीतनं सागाची चार इंची पट्टी आणली, रंधा मारून घेतला. भोकं सहा-सहा इंचावर, पण ड्रिलची मागची बाजू जरा वर उचलून धरा म्हणजे खुंटीचं तोंड वर राहतं. माझी पहिली सरळ बसली आणि पोराचं दप्तर घसरून थेट चहात! खुंट्या फेविकॉल लावून ठोका. भिंतीत गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लग) घालूनच स्क्रू, नुसत्या प्लास्टरवर अजिबात नको. चकचकीत पॉलिश कशाला, जवसाचं तेल बास.