कस्टम रॉम टाकताय? बॅकअप घेताना या चुका टाळा

कस्टम रॉम, म्हणजे कंपनीच्या ऐवजी बाहेरच्या कुणी बनवलेलं अँड्रॉइड, टाकताना फोन कायमचा मरेल, ही भीती सगळ्यांना असते. तसं फार कमी वेळा होतं. लोगोवर अडकलेला फोन बहुतेक वेळा फास्टबूटमधून (संगणकाला जोडून फोनवर सॉफ्टवेअर टाकायची सोय) कंपनीचं मूळ फर्मवेअर, म्हणजे सिस्टिम सॉफ्टवेअर, टाकून पुन्हा उभा करता येतो. आत जे होतं ते मात्र परत आणता येत नाही. सांगलीत विश्रामबागला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. रॉमच्या नादात अडकलेला फोन काउंटरवर येतो, थोड्या वेळात चालू होतो, आणि मग हमखास प्रश्न येतो, "दादा, फोटो मिळतील ना?" त्याचं उत्तर फोन माझ्याकडं येण्याआधीच ठरलेलं असतं. त्याच त्याच चुका बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी अनलॉक, मग बॅकअप

सगळ्यात जास्त डेटा इथं जातो. बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना आधी चालणारा आणि बाहेरचं सॉफ्टवेअर अडवणारा प्रोग्रॅम, अनलॉक केला की फोन आपोआप फॅक्टरी रिसेट होतो. हे मुद्दाम ठेवलेलं आहे. चोरानं फोन उचलून बूटलोडर उघडला तरी आतलं काही त्याच्या हाती लागू नये, हा त्यामागचा हेतू. पण व्हिडिओ बघून शिकलेली पोरं क्रम धरतात तो असा: अनलॉक, मग टीडब्ल्यूआरपी (रॉम टाकायला आणि बॅकअप घ्यायला वापरतात ती रिकव्हरी), मग बॅकअप. व्हिडिओ करणाऱ्याला हा क्रम चालतो, कारण त्याचा फोन आधीच अनलॉक असतो आणि त्यात त्याचं महत्त्वाचं काही नसतं.

टीडब्ल्यूआरपीमधला नँड्रॉइड बॅकअप (सिस्टिम आणि ॲपची जशीच्या तशी नक्कल) घ्यायला बूटलोडर उघडा लागतो. स्विफ्ट बॅकअप किंवा निओ बॅकअपमधून ॲपच्या आतल्या डेटासकट बॅकअप घ्यायचा तर रूट, म्हणजे सिस्टिमवर पूर्ण ताबा, लागतं, आणि रूटसाठी पुन्हा बूटलोडर उघडा लागतो. म्हणजे पहिल्यांदाच रॉम टाकणाऱ्याला जुन्या डेटासाठी या दोन्ही वाटा बंद. त्यानं रूटशिवाय जे जमतं तेच करायचं आणि अनलॉकच्या आधी करायचं. सेटिंग्जमधला गुगलचा बॅकअप ॲपची यादी, एसएमएस, कॉलची नोंद आणि काही सेटिंग्ज घेतो. ॲपच्या डेटाला मात्र दर ॲपमागे २५ एमबीची मर्यादा आहे, आणि ॲप बनवणाऱ्यानंच बॅकअप बंद ठेवला असेल तर तेवढंही जात नाही. त्यामुळे नोट्स, हिशोब, उधारीची वही असली ॲप एकेक उघडून त्यांच्या आतूनच एक्स्पोर्ट करावी लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

जुन्या लेखांत एडीबी (संगणकावरून फोनला कमांड द्यायचं साधन) बॅकअपची कमांड दिलेली असते, तिच्या भरवशावर राहू नका. अँड्रॉइड १२ पासून, त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपचा डेटा ती घेतच नाही. कमांड चालते, फोन पासवर्ड विचारतो, संगणकावर फाईलही तयार होते. आत तुमच्या कामाचं काही नसतं.

शाओमीचा अनलॉक अर्ज केल्यावर बऱ्याचदा १६८ तास, म्हणजे पूर्ण सात दिवस थांबायला लावतो. ही मुदत चुकवायचा जुगाड माझ्याकडं मागणारे खूप येतात. मी देत नाही. ते सात दिवस बॅकअपसाठी मिळालेत असं समजा आणि रोज थोडं थोडं उरका. ज्याला आठवडाभर धीर धरवत नाही त्यानं रॉमच्या भानगडीत पडू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

बॅकअप फोनमध्येच ठेवणं

गेल्या हंगामात तासगावकडचा एक पोरगा वडिलांना घेऊन दुकानात आला. फोन वडिलांचा, त्यात त्यानं पूर्वी एकदा रॉम टाकून दिलेला. पुन्हा हळू चालायला लागला म्हणून नवा टाकायला घेतला. पोरगा अगदीच नवखा नव्हता. टीडब्ल्यूआरपीतून त्यानं बॅकअप घेतला, पूर्ण झाल्याची ओळ वाचली, मग रॉम टाकला. फोन लोगोच्या पुढं जाईना. जुन्या रॉमचं एन्क्रिप्शन नव्या रॉमला उघडता आलं नाही की असं होतं, आणि त्यावर सगळीकडं एकच उपाय लिहिलेला असतो: फॉरमॅट डेटा. टीडब्ल्यूआरपी अशा वेळी खात्री म्हणून 'येस' टाईप करायला लावतं. त्यानं टाईप केलं. फोन झकास सुरू झाला. बॅकअप होता फोनच्याच इंटरनल मेमरीत, टीडब्ल्यूआरपी नावाच्या फोल्डरमध्ये. तो फोल्डरही त्या 'येस'बरोबर गेला.

फोनमध्ये बेदाण्याच्या सौद्याच्या हिशोबपट्ट्यांचे फोटो होते, कोल्ड स्टोरेजच्या पावत्या होत्या, आणि नोट्समध्ये मजुरांच्या उचलीची यादी. पोरगाच बोलत होता, वडील गप्प उभे होते. त्यांनी फक्त एकदा विचारलं, "पट्ट्या दिसत्यात का त्यात?" मी गॅलरी उघडून दाखवली. पोराचा सगळा भरवसा रिकव्हरी सॉफ्टवेअरवर होता. पूर्वी मेमरी कार्डातले उडवलेले फोटो तसे निघायचे, हे खरं आहे. आताच्या फोनची इंटरनल मेमरी एन्क्रिप्टेड असते. फॉरमॅट झालं की तिच्या किल्ल्याच नष्ट होतात, आणि मागं उरलेलं कुणालाही वाचता येत नाही. तेव्हा 'काढून देतो, आधी ॲडव्हान्स द्या' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. त्यांना पट्ट्यांच्या नकला अडत्याकडून मिळाल्या, काही पावत्या चुलत्याला व्हॉट्सॲपवर पाठवल्या होत्या त्या तिकडून आल्या. उचलीची यादी गेली. कुणाला किती दिलेत हे मजुरांनाच विचारायची पाळी त्या माणसावर आली.

टीडब्ल्यूआरपीतलं साधं वाइप आणि फॉरमॅट डेटा यांत मोठा फरक आहे. साध्या वाइपमध्ये ॲप आणि सेटिंग्ज जातात, इंटरनल मेमरीतले फोटो आणि फाईली राहतात. फॉरमॅटमध्ये सगळं जातं. दुसरं म्हणजे, नँड्रॉइड बॅकअपमध्ये इंटरनल मेमरीतले फोटो, व्हिडिओ, डाउनलोड येतच नाहीत. म्हणजे त्या पोराचा बॅकअप वाचला असता तरी पट्ट्यांचे फोटो त्यात नसतेच. ते वेगळे कॉपी करावे लागतात.

माझी सवय सांगतो. बॅकअप फोनबाहेर दोन ठिकाणी ठेवतो, एक संगणकावर आणि एक ओटीजी (थेट फोनला लागणाऱ्या) पेनड्राइव्हवर. मग केबल काढून फोन बाजूला ठेवतो आणि संगणकावर फाईली उघडून बघतो: गॅलरीतला सगळ्यात जुना फोटो, कॉन्टॅक्टच्या व्हीसीएफ फाईलमधली मधली कुठलीतरी नावं, एसएमएसची फाईल. उघडल्या तरच तो बॅकअप धरतो. यूएसबीनं हजारो फोटो एकदम ओढले की केबल जरा हलली तरी कॉपी मध्येच तुटते आणि पुष्कळ जण अर्ध्या फोल्डरवर समाधान मानतात. फोल्डरवर राइट क्लिक करून दोन्हीकडची फाईलींची संख्या जुळवा. मी तर सरळ एडीबी पुल वापरतो, किती फाईली आल्या हे ते शेवटी सांगतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर बसत नाही. लग्नाचे व्हिडिओ नेमके तिथंच अडकतात. पेनड्राइव्ह आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

सिस्टिम ॲपचा डेटा नव्या रॉमवर ओतणं

रिस्टोर करताना 'सिलेक्ट ऑल' दाबणाऱ्यांना मी दुकानात स्पष्ट बोलतो, इथंही बोलतो. जुन्या रॉममधलं सेटिंग्ज ॲप, फोन, कॉन्टॅक्टचा साठा, लाँचर यांचा डेटा नव्या रॉममधल्या त्याच नावाच्या ॲपला चालेलच असं नाही. आतली रचना वेगळी असते. मग अमुक बंद पडलं, तमुक प्रतिसाद देत नाही अशा खिडक्या उगवत राहतात, बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही, आणि पोरं रॉम बनवणाऱ्याला शिव्या घालतात. त्या माणसानं रात्री जागून फुकटात काम केलेलं असतं. एका रॉमचा डेटा पार्टिशन (मेमरीतला डेटाचा भाग) दुसऱ्या रॉमवर नँड्रॉइडमधून रिस्टोर करणं ही हीच चूक, आणखी मोठी. नँड्रॉइड हा त्याच रॉमवर माघारी यायचा रस्ता आहे.

मी ॲप प्ले स्टोअरवरून ताजी घेतो. डेटा फक्त स्वतः टाकलेल्या ॲपचा परत आणतो, तोही चार-पाचच्या गटानं, मध्ये रीस्टार्ट करून. बिघडलं तर कुठल्या गटानं बिघडवलं ते लगेच कळतं. सेटिंग्ज मी कधीच रिस्टोर करत नाही, हातानं लावतो. आधी एपीएन (मोबाईल इंटरनेटची सेटिंग), होम स्क्रीन, कीबोर्ड, नोटिफिकेशनचे स्क्रीनशॉट काढून संगणकावर घेतो. अँड्रॉइड १० पासून वायफायचा क्यूआर कोड निघतो, त्याचाही स्क्रीनशॉट. हाताने लावायला वेळ जातो, पण नंतर फोन कुरकुर करत नाही.

आयएमईआयचा विचार नेटवर्क गेल्यावर

रॉम बदलताना कधी कधी ज्या पार्टिशनमध्ये आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि नेटवर्कची माहिती असते ती बिघडते. क्वालकॉमची चिप असलेल्या फोनमध्ये मोडेमएसटी१ आणि मोडेमएसटी२, मीडियाटेकच्या चिपवर एनव्हीरॅम आणि एनव्हीडेटा, सॅमसंगमध्ये ईएफएस. बिघडली की *#०६# दाबल्यावर आयएमईआय शून्य किंवा रिकामा दिसतो आणि सिम चालत नाही. टीडब्ल्यूआरपी टाकल्यावर रॉम टाकण्यापूर्वी ईएफएस (किंवा तुमच्या फोनमधली त्याच कामाची पार्टिशन) आणि पर्सिस्ट (सेन्सरची माहिती असलेली पार्टिशन) यांचा बॅकअप घ्या आणि जन्मभर जपून ठेवा. फाईल अगदी लहान असते.

यातला सगळ्यात घातक शॉर्टकट म्हणजे मित्राच्या तसल्याच फोनचा ईएफएस मागून आपल्यात टाकणं. एक जण मिरजेहून असा फोन घेऊन आला होता. दोन फोनवर एकच आयएमईआय. मी त्याला हात लावला नाही. आयएमईआयशी छेडछाड हा आपल्याकडं गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमचा ईएफएस कुणाला देऊ नका आणि दुसऱ्याचा घेऊ नका.

व्हॉट्सॲप

व्हॉट्सॲपचा फोल्डर आता इंटरनल मेमरीत थेट दिसत नाही, अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सॲपच्या नावाचं फोल्डर असा आत असतो. पुष्कळ जण जुन्या जागी शोधतात आणि रिकामं फोल्डर कॉपी करतात. व्हॉट्सॲपचा स्थानिक बॅकअप रात्री दोनला आपोआप होतो, पण त्यावर न राहता चॅट बॅकअपमध्ये जाऊन तेव्हाच्या तेव्हा घ्या आणि अख्खं फोल्डर उचला. नव्या रॉमवर ॲप पहिल्यांदा उघडण्याआधी ते जागेवर ठेवा. एकदा 'स्किप' दाबून पुढं गेलात की मग उलटं येणं त्रासाचं. एंड टू एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केला असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकांची किल्ली कागदावर लिहा. ती गेली तर बॅकअप असून नसल्यासारखा.

बँक आणि यूपीआय

गुगल पे, फोनपे, भीम, बँकेची ॲप: यांचा डेटा रिस्टोर करायचा प्रयत्नच करू नका. त्यांच्या किल्ल्या फोनच्या हार्डवेअरमध्ये बांधलेल्या असतात, फाईलबरोबर येत नाहीत. ज्या नंबरवर बँक जोडली आहे त्या सिमवरून एसएमएस जाऊन पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यातून उघड्या बूटलोडरवर प्ले इंटेग्रिटीची (फोन मूळ स्थितीत आहे का हे बघणारी गुगलची) तपासणी नापास झाली तर काही बँकांची ॲप चालणारच नाहीत. घरातला व्यवहाराचा एकच फोन असेल, वडिलांचं दुकान किंवा द्राक्षाचे पैसे त्यावर येत असतील, तर त्यावर रॉम टाकू नका. सॅमसंगवाल्यांनी हेही लक्षात ठेवा की अनलॉक करून बाहेरची फाईल टाकली की नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा) फ्यूज उडतो, आणि मूळ फर्मवेअर परत टाकलं तरी सिक्युअर फोल्डर परत येत नाही.

बाकीच्या चुका

ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणारं ॲप) विसरणं. २०२३ पासून गुगल ऑथेंटिकेटर खात्याशी सिंक होतं, ते चालू आहे का बघा. नसेल तर क्यूआरनं दुसऱ्या फोनवर हलवा.

गुगलचा पासवर्ड न आठवणं. रिसेटनंतर फोन जुनं खातं मागू शकतो.

स्क्रीन लॉक ठेवून नँड्रॉइड घेणं. रिस्टोरनंतर बरोबर पिनही चुकीचा म्हणतो. आधी लॉक काढा, मग बॅकअप.

सगळे नंबर 'फोन'मध्ये सेव्ह असणं. गुगलमध्ये हलवा आणि व्हीसीएफही काढा.

लिनिएजओएस (एक कस्टम रॉम) एकदा सुरू करून मग जीॲप्स (प्ले स्टोअरसारखी गुगलची ॲप) टाकणं. ते पहिल्या बूटच्या आधीच टाकायचे असतात.

मूळ फर्मवेअर हाताशी नसणं. नेमक्या मॉडेलचं, नेमक्या प्रदेशाचं आधी उतरवून ठेवा. जुनी आवृत्ती टाकताना अँटी रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर मागं जायला फोनमधली आडकाठी) तपासा. २०१८ मध्ये आलेल्या रेडमी नोट ५ प्रोवाल्यांना हा धडा महागात पडला होता.

लाईट जायच्या वेळेला डेस्कटॉपवरून फ्लॅश करणं. लॅपटॉप घ्या, फोनही निम्म्याच्या वर चार्ज असू द्या.

नवा रॉम चालू झाला म्हणून त्याच दिवशी संगणकावरचा बॅकअप उडवू नका. एखादं ॲप पंधरा दिवसांनी उघडलं जातं आणि तेव्हा कळतं की त्याचा डेटा आलाच नाही. बँक, गॅस, वीजबिल, शेतीची ई-पीक पाहणी, पोरांच्या शाळेचं ॲप, सगळं एकदा वापरून होईपर्यंत तो तसाच राहू द्या. ईएफएसची फाईल तेवढी पेनड्राइव्हवर नाव आणि मॉडेल लिहून कायमची ठेवा.