ॲल्युमिनियमचा हलका कॅम्पर ट्रेलर: मुंबईच्या खाऱ्या हवेत जपण्याची आणि घाटातून ओढण्याची रीत

ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, तेव्हा त्याच्या कॅम्पर ट्रेलरची, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या छोट्या फिरत्या खोलीची, फारशी निगा राखावी लागत नाही, अशी समजूत सर्रास आढळते. लोखंडासारखे तांबडे पापुद्रे त्याच्यावर धरत नाहीत हे खरे. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. परंतु समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील मीठ हा थर जागोजागी फोडते, तेथे बारीक खड्डे पडू लागतात, आणि ज्या ठिकाणी ॲल्युमिनियमला पोलादाचा बोल्ट, तांब्याची तार किंवा ओले प्लायवूड भिडलेले असते, त्या ठिकाणी नुकसान कित्येक पटींनी वेगाने होते. वरळी असो की वसई, मुंबईच्या किनारपट्टीवर उभा असलेला कोणताही ट्रेलर या हवेतून सुटत नाही. म्हणून माझ्या मते ट्रेलरची खरी देखभाल त्याच्या सांध्यांची असते. पत्र्याच्या चकाकीचा विचार त्यानंतर करावा.

खरेदीपूर्वीची दोन कामे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि रस्त्यावर आणताना ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर लावावा लागतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटन धोरण आणले असले, तरी आपण पाहिलेले नेमके मॉडेल नोंदवले जाईल का, हे पैसे देण्याआधी आपल्या आरटीओत विचारून घ्यावे आणि विक्रेत्याकडून मान्यतेची कागदपत्रे हातात घ्यावीत. दुसरे काम म्हणजे सोसायटीत उभे करण्याच्या जागेची लांबी, प्रवेशद्वाराची रुंदी आणि स्टिल्टची उंची फीत लावून मोजणे. छतावरचा व्हेंट आणि सौर पॅनेल धरून ट्रेलरची उंची किती भरते, हेही विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर न सोडता स्वतः मोजावे.

वजन आणि जोडणी

ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या जवळजवळ एक तृतीयांश असते, त्यामुळे सांगाड्याचे बरेच वजन वाचते. पण वाचलेले हे वजन सामानाने भरून काढण्याचा मोह प्रत्येकाला होतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा हिशेब लक्षात ठेवला तर ८० लिटरची टाकी भरून निघणे म्हणजे एक माणूस अधिक ओढणे होय, हे ध्यानात येईल. टाकी शक्यतो रिकामी ठेवून निघावे आणि मुक्कामाजवळ भरावी. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी वळणावर हिंदकळते आणि ट्रेलरला झोके देते.

ओढणाऱ्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची कमाल मर्यादा आणि हिचवर (गाडी व ट्रेलर जोडणाऱ्या कडीवर) खाली पडणाऱ्या भाराची मर्यादा दिलेली असते, आणि काही गाड्यांच्या बाबतीत ट्रेलर जोडूच नये असे स्पष्ट लिहिलेले असते. या आकड्यांना हात लावू नये. हिचवरचा भार अमेरिकी प्रथेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात, म्हणजे ७०० किलोच्या ट्रेलरसाठी ७० ते १०५ किलो. युरोपात हलक्या ट्रेलरसाठी यापेक्षा कमी प्रमाण चालते. गाडीच्या हिचची मर्यादा याहून कमी असेल, तर टक्केवारी बाजूला ठेवून ती मर्यादाच पाळावी आणि त्यासाठी हलका ट्रेलर निवडावा. सामान भरल्यानंतर ट्रेलर एकदा ट्रकांच्या वजनकाट्यावर नेऊन एकूण वजन पाहावे, आणि हिचवरचा भार भुसार दुकानातल्या किंवा भंगारवाल्याकडच्या प्लॅटफॉर्म काट्यावर, ट्रेलर सपाट जमिनीवर आडवा समतल ठेवून मोजावा. जड वस्तू आसाच्या वर किंवा किंचित पुढे ठेवाव्यात. मागच्या टोकाला जनरेटर आणि सायकली लटकवल्या की हिचवरचा भार कमी होतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो.

डोलणे सुरू झाले तर ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा, स्टीअरिंग सरळ धरून ठेवावे आणि गाडीचा ब्रेक जोरात दाबण्याची इच्छा आवरावी. ट्रेलरला वेगळ्या नियंत्रणाचे ब्रेक असतील तर तेवढेच हलके लावावेत. वसई खाडीवरचा वर्सोवा पूल किंवा वाशीचा खाडीपूल ओलांडताना बाजूचा वारा अचानक लागतो, आणि शेजारून वेगात जाणाऱ्या व्होल्वो बसचा हवेचा धक्काही तसाच असतो; तेथे वेग आधीच उतरवलेला बरा.

निघण्यापूर्वी हिचचे कुलूप, हिचखालून फुलीसारख्या आडव्या नेलेल्या दोन सुरक्षासाखळ्या, ट्रेलर सुटल्यास ब्रेक लावणारी ब्रेकअवे दोरी आणि मागचे दिवे दुसऱ्या माणसाला उभे करून तपासावेत. चाकांचे नट पहिल्या ८० ते १०० किलोमीटरनंतर जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने पुन्हा आवळावे लागतात. मुंबईहून निघणाऱ्यांना यासाठी लोणावळ्याचा चहाचा थांबा सोयीचा पडतो. त्याच थांब्यावर प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात नेऊन पाहावा, कारण एकच हब इतरांपेक्षा फार गरम असेल तर त्याचे बेअरिंग कोरडे पडले आहे किंवा ब्रेक अडकून राहिला आहे, असे समजावे.

घाट आणि जेट्टी

बोरघाट, कसारा किंवा माळशेज उतरताना खालचा गियर उतार सुरू होण्याआधी टाकावा. उतारावर मागून ट्रेलर ढकलत असतो, आणि सतत पाय ठेवलेले ब्रेक तापून निकामी होतात; त्याऐवजी इंजिनाच्या ओढीवर उतरत, वेग वाढला की थोडा वेळ ठाम ब्रेक लावून पुन्हा सोडावा. वळणावर ट्रेलरची चाके गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात, त्यामुळे डोंगराकडच्या वळणात गाडी किंचित बाहेरून घ्यावी. मागे घेताना हात स्टीअरिंगच्या तळाशी ठेवावा: ट्रेलरचे मागचे टोक ज्या बाजूला न्यायचे, त्याच बाजूला हात सरकवावा. आखूड ट्रेलर फार लवकर दुमडतो, म्हणून हालचाल इंचाइंचाने करावी आणि बिघडले की पुढे जाऊन पुन्हा सरळ करावे.

कोकणात जायचे तर खाड्यांवरच्या फेरीबोटींचा मोह होणारच. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे या फेऱ्यांनी बराच वळसा वाचतो. पण ओहोटीच्या वेळी बोट जेट्टीच्या उताराच्या खालच्या भागाला लागते, तो भाग ओला आणि शेवाळलेला असतो, आणि उतार व बोटीचा रॅम्प यांच्यामधल्या कोनात ट्रेलरचे मागचे टोक किंवा हिच खाली घासण्याची शक्यता असते. पंचांगातली भरतीची वेळ पाहून त्या सुमारास पोहोचावे, आणि ट्रेलरसह घेतील का हे आधी विचारावे. फेरीनंतर मुक्कामाला पोहोचताच चाके, आस आणि खालचा सांगाडा गोड्या पाण्याने धुवावा. हे काम दुसऱ्या दिवसावर टाकू नये.

दिवेआगर किंवा श्रीवर्धनला नारळी-पोफळीच्या वाडीत जागा मिळते आणि सावलीही सुखावते, परंतु नारळाच्या झाडाखाली ट्रेलर कधीही लावू नये. छताचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो, आणि एका नारळाने पडलेला पोचा सहसा पूर्ण निघत नाही.

आत स्वयंपाकाचा गॅस असेल तर एलपीजी हवेपेक्षा जड असते हे विसरू नये. गळती झाल्यास ती जमिनीलगत साचते, म्हणून तळाशी असलेली जाळी चटईने झाकू नये. प्रवासात सिलिंडर उभा, बांधलेला आणि बंद असावा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी. थंडीत ऊब मिळावी म्हणून आत शेगडी किंवा कोळसा पेटवणे जिवावर बेतते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सांधे आणि पावसाळा

तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. चार मीटर लांबीचा पत्रा पहाटेच्या थंडीपासून दुपारच्या उन्हापर्यंत ४० अंशांनी तापला, तर त्याची लांबी साडेतीन मिलिमीटरहून अधिक वाढते. सांध्यात भरलेले सीलंट ही रोजची ये-जा सोसणारे, लवचीक असले पाहिजे. म्हणून खिडक्या आणि व्हेंटच्या चौकटीखाली ब्युटिल टेप, आणि बाहेरच्या सांध्यांवर पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर सीलंट वापरावे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन येथे मुळीच वापरू नये. वाळताना त्यातून निघणारे आम्ल धातूला बाधते, आणि नंतर त्यावर दुसरे कोणतेही सीलंट नीट धरत नाही.

स्टेनलेस स्टीलचे बोल्ट चालतात, पण वॉशर नायलॉनचे घालून आणि आट्यांना गंजरोधक पेस्ट लावून. तुटलेल्या रिव्हेटच्या जागी ॲल्युमिनियमचाच रिव्हेट बसवावा: मोठ्या पत्र्यात लहान स्टीलचा तुकडा हळू बाधतो, उलट मोठ्या स्टीलच्या पट्टीत लहान ॲल्युमिनियम रिव्हेट वेगाने खाल्ला जातो. दिव्यांच्या विजेचा परतीचा मार्ग ट्रेलरच्या अंगातून न नेता स्वतंत्र तारेने न्यावा. खडबडीत रस्त्यानंतर वेल्ड केलेल्या जागा बॅटरीच्या उजेडात पाहाव्यात, कारण वेल्डच्या बाजूच्या पट्ट्यात ॲल्युमिनियमची ताकद कमी झालेली असते आणि सततच्या हादऱ्यांनी तेथून तडे सुरू होतात. तडा दिसला तर ॲल्युमिनियमचे टिग वेल्डिंग करणाऱ्या कारागिराकडेच जावे. साध्या वेल्डरकडून ठिगळ लावून घेऊ नये.

धुण्यासाठी सौम्य साबण आणि मऊ कापड पुरते. सोडा, फरशीचे ॲसिड, तसेच पितळ लखलखवणारी चिंच, ही या धातूसाठी नाहीत, आणि तारेच्या घासणीने चरे तर पडतातच, शिवाय लोखंडाचे कण पत्र्यात अडकून डाग पडतात. मुंबईत शेजारी कुठे ना कुठे बांधकाम चालूच असते. ओल्या सिमेंटचा शिंतोडा अल्कधर्मी असतो आणि पत्र्यावर कायमचा डाग पाडतो, तेव्हा तो वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुऊन काढावा.

जूनपूर्वी ट्रेलरवर निळी ताडपत्री आवळून बांधण्याची पद्धत मला पटत नाही. तिच्याखाली ओलावा कोंडतो, वाऱ्यात ती पत्र्यावर घासते, आणि सप्टेंबरमध्ये खाली पांढरट भुकटी आणि बुरशी सापडते. पाइपांची हलकी चौकट उभारून आच्छादन पत्र्यापासून वीतभर वर ताणावे, म्हणजे हवा खेळती राहते. पुढचे टोक किंचित उंच ठेवावे, निचऱ्याची भोके सुईने साफ करावीत, बॅटरीचे टोक सुटे करावे आणि गादी उभी करून ठेवावी. ओलावा शोषणाऱ्या डब्यांपैकी सिलिका जेलचे डबे घ्यावेत. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्यातून सांडलेले पाणी खारे असते आणि ॲल्युमिनियमला तेच खाते. उंदरांसाठी तारांची भोके जाळीने बंद करणे आवश्यक आहे.

ऑक्टोबरमध्ये ट्रेलर बाहेर काढताना फरशीच्या कडा अंगठ्याने दाबून पाहाव्यात. मऊ लागले तर वर कुठेतरी सांधा उघडला आहे. तो शोधण्यासाठी होजपाइपचे पाणी हळू धारेने खालून वर सरकवत न्यावे आणि आत एक माणूस बसवावा. बेअरिंगचे ग्रीस वर्षातून एकदा बदलावे. टायरच्या कडेवरचे चार अंक, उदाहरणार्थ २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा, वाचून वय काढावे, कारण ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उभ्या जागीच जुने होतात. कडेला बारीक चिरा दिसल्या तर नक्षी शाबूत असली तरी ते बदलावेत आणि नंतरच घाटाचा रस्ता धरावा.