स्लॅकमधला बॉट गप्प का बसतो

स्लॅक म्हणजे टीमच्या गप्पांचं ॲप, आणि बॉट म्हणजे त्यात आपोआप मेसेज टाकणारा प्रोग्रॅम. रोज सकाळी 10 वाजता आठवण करून द्यायची एवढंच काम असेल तर बॉट बनवू नका. स्लॅकची स्वतःची रिमाइंड कमांड ते करते. तयार ॲप पुरत असेल तर स्लॅकच्या मार्केटप्लेसमधून घ्या. पुढचं सगळं स्वतःचा बॉट हवा असणाऱ्यांसाठी.

स्लॅकच्या एपीआय साइटवर (प्रोग्रॅम बनवणाऱ्यांसाठीची साइट) 'क्रिएट न्यू ॲप', मग 'फ्रॉम स्क्रॅच', नाव, वर्कस्पेस (तुमच्या टीमचं स्लॅक). दोन मिनिटांचं काम.

आता परवानग्या, म्हणजे स्कोप. नुसते मेसेज टाकणाऱ्या बॉटला 'चॅट-राइट' हा एकच स्कोप लागतो. "सगळ्यांवर टिक करून टाका, नंतर कटकट नको" असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. मी ऐकलं होतं. माझा पहिला बॉट इन्स्टॉल झाला, यादीत दिसला, पण चॅनलमध्ये एक अक्षर टाकेना. मी वैतागून स्कोप वाढवत गेलो. मेसेज वाचायचा, फाइली बघायचा, सदस्यांचे ईमेल बघायचा. दुपार गेली आणि हाती काय, तर सगळं बघू शकणारा मुका बॉट!

चूक स्कोपमध्ये नव्हतीच. बॉटला त्या चॅनलमध्ये कुणी बोलावलंच नव्हतं. परवानगी वेगळी, प्रवेश वेगळा. चॅनलमध्ये जाऊन स्लॅश, इन्व्हाइट आणि बॉटचं नाव एवढं टाइप केलं की झालं.

म्हणून बॉट अडला की आधी एरर वाचा, मग काय ते दाबा. 'नॉट इन चॅनल' आलं तर बॉटला बोलवा. 'मिसिंग स्कोप' आलं तर नेमका कोणता स्कोप हवा ते त्याच उत्तरात 'नीडेड'पुढे लिहिलेलं असतं. तेवढाच द्या आणि ॲप पुन्हा इन्स्टॉल करा, नाहीतर नवा स्कोप लागूच होत नाही. सगळ्यात फसवी एरर म्हणजे 'चॅनल नॉट फाउंड'. नाव चुकलं असेल म्हणून आपण स्पेलिंग तपासत बसतो. चॅनल खाजगी असेल आणि बॉट आत नसेल, तरी हेच उत्तर येतं, कारण बाहेरच्या बॉटला ते चॅनल आहे हेही कळू द्यायचं नसतं.

टोकन, म्हणजे बॉटची स्लॅकमध्ये शिरायची किल्ली, एक्सओएक्सबी या अक्षरांनी सुरू होतं. ते पासवर्डसारखं जपा. मदत मागताना स्क्रीनशॉटमध्येही जाऊ देऊ नका.

बॉट मेसेजना उत्तर देणारा असेल तर स्वतःच्या मेसेजकडे दुर्लक्ष करायची अट आधी लिहा. नाहीतर तो स्वतःशीच गप्पा मारत सुटतो आणि सगळ्यांचे फोन टिंगटिंग वाजत राहतात. म्हणूनच चाचणी रिकाम्या चॅनलमध्ये करा, सगळ्या टीमच्या 'जनरल'मध्ये नको.