गहू सोडण्याआधी रक्त तपासायला द्या

धुळीची अॅलर्जी मला लहानपणापासून. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाला लागून घर. शिंका चुकतील कशा? पण चपाती खाल्ली की पोटाचा नगारा आणि दुपारभर डोकं जड, हे पस्तिशीनंतर सुरू झालं.

मी परस्पर गहू बंद केला आणि महिन्याने डॉक्टरांकडे गेले. तिथंच चुकलं. सीलिअॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होण्याचा आजार. त्याची टीटीजी ही रक्ततपासणी गहू पोटात जात असतानाच भरवशाची. सोडल्यावर ती नॉर्मल दिसू शकते. मग दीड महिना रोज चपात्या खाऊन पुन्हा रक्त दिलं. तुम्ही हा वनवास करू नका. टीटीजीसोबत एकूण आयजीए हे रक्तातलं प्रतिपिंडही मोजून घ्या. आपल्यासारख्या अॅलर्जीवाल्यांनी गव्हाच्या अॅलर्जीची आयजीई ही रक्ततपासणी किंवा त्वचेवरची चाचणीही विचारावी. सीलिअॅक नाही, गव्हाची अॅलर्जीही नाही, तरच ग्लुटेन संवेदनशीलतेचा, म्हणजे या दोन्हींशिवाय होणाऱ्या गव्हाच्या त्रासाचा विचार. तिची वेगळी रक्ततपासणी नाही. गव्हाने ओठ सुजत असतील, दम लागत असेल तर घरी प्रयोग करूच नका.

ते दोन्ही नसेल तर पुढं सहा आठवडे गहू, रवा, मैदा, शेवया, जव बंद. आपल्याकडे मालदांडी ज्वारी आहे, शेंगाची चटणी आहे, प्रवासाला कडक भाकरी आहे. उपाशी कोण राहतंय? गोची गिरणीत होते. आधीचं दळण गव्हाचं असेल तर त्याचं पीठ आपल्या डब्यात येतं. ज्वारीची वेगळी चक्की असलेली गिरणी शोधा, नाहीतर कुणाच्या तरी ज्वारीमागं नंबर लावा. दळण थोडंच आणा, विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेली की भाकरी तव्यावर जाईपर्यंत तुटते. पीठ उकळत्या पाण्यात मळा. ज्वारीत ग्लुटेन नाही, चिकटपणा त्या पाण्यानंच येतो. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, तेवढं लेबल वाचा.

बरं वाटलं तरी गहू पुन्हा खाऊन बघायचाच. ही संवेदनशीलता ओळखण्यासाठीच्या 2015 च्या सालेर्नो निकषांत पेशंटला न सांगता ग्लुटेन देतात, कारण मनही पोट फुगवतं. आमच्याकडे भाकरी जाऊबाई थापतात. कुठल्या आठवड्यात पिठात कणीक मिसळली, ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी फक्त वहीत रोज पोट, डोकं, शिंका लिहायची.

कणकेच्या आठवड्यात त्रास झालाच. पण नगारा कांदाभज्यांच्या दिवशीही वाजलेला निघाला, आणि ती तर बेसनाची! गव्हातलं फ्रुक्टन हे पोट फुगवणारं कर्बोदक कांद्या-लसणातही असतं. आता कांद्याचे सहा आठवडे चालू आहेत. जाऊबाई माझ्याशी कमी बोलतात.