मूल उशिरा बोलत असेल तर आधी काय पाहावे

दीड-दोन वर्षांचे मूल अपेक्षेइतके बोलत नाही, ही शंका घरातल्याच कोणाच्या तरी मनात प्रथम येते आणि घरातलीच वडीलधारी मंडळी ती तितक्याच तत्परतेने मिटवून टाकतात. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत गप्पच होते’, ‘वेखंड उगाळून चाटवा, जिभेचा जडपणा जाईल’ हे सल्ले ऐकले नाहीत असे पालक विरळाच. पहिल्या दोन सल्ल्यांत थोडे तथ्य आहे, कारण उशिरा बोलण्याचे प्रमाण मुलग्यांमध्ये काहीसे अधिक असते आणि ते घराण्यातही आढळते; पण घराण्यात असा इतिहास असणे हे वाट पाहण्याचे नव्हे, तर लवकर तपासून घेण्याचे कारण आहे. वेखंडाने बोलणे येत नाही. जिभेखालचा पडदा घट्ट असल्यास काही उच्चारांत अडचण येऊ शकते, पण त्यामुळे मूल शब्दच शिकत नाही असे होत नाही.

साधारण अपेक्षा अशी असते की सहा ते नऊ महिन्यांत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची लड सुरू व्हावी, वर्षाच्या सुमारास मुलाने बोट दाखवावे आणि पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारावा, दोन वर्षांपर्यंत सुमारे ५० शब्द आणि ‘बाबा गेला’, ‘अजून दे’ अशा दोन शब्दांच्या जोड्या याव्यात, तिसऱ्या वर्षी छोटी वाक्ये जुळावीत आणि चौथ्या वर्षापर्यंत परक्या माणसालाही मुलाचे बहुतेक बोलणे कळावे. शब्द मोजताना पाण्याला ‘मम’ आणि कुत्र्याला ‘भूभू’ म्हणणेही धरावे, कारण तो आवाज दर वेळी त्याच वस्तूसाठी येत असेल तर तो मुलाचा शब्दच आहे. उलट, मोबाइलवर ऐकून वीसपर्यंत इंग्रजी आकडे घडाघडा म्हणणाऱ्या पण तहान लागल्यावर पाणी मागता न येणाऱ्या मुलाचे ते आकडे मोजू नयेत.

मात्र शब्दांच्या मोजणीपेक्षाही मुलाला किती समजते हे पाहणे महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच घरात चुकीचे जोखले जाते. ‘त्याला सगळे कळते, फक्त बोलत नाही’ असे म्हणणारे पालक चप्पल आणायला सांगताना नकळत चपलेकडे पाहतात, हात पुढे करतात, स्वतः बाहेर जायचे कपडे घालून उभे असतात. मूल तेवढ्यावरून अर्थ लावते आणि शब्दाची त्याला गरजच पडत नाही. म्हणून वाटी, चेंडू आणि चप्पल मुलासमोर ठेवावी, आपले हात पाठीमागे घ्यावेत, नजर त्याच्या चेहऱ्यावरच ठेवावी आणि शांतपणे ‘वाटी आजीला दे’ एवढेच म्हणावे. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला हे जमायला हवे. वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या वस्तू घेऊनही जमत नसेल, तर प्रश्न जिभेचा नसून समजण्याचा किंवा ऐकण्याचा आहे, असे समजून पुढची पावले उचलावीत.

त्यातले पहिले पाऊल म्हणजे श्रवणचाचणी. ती टाळून दुसरे काहीही करू नये. दार आपटले की मूल दचकते, एवढ्यावरून त्याचे कान ठीक आहेत असे ठरत नाही, कारण मोठा धप्प आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘श’, ‘फ’ हे बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येत नसण्याची शक्यता असते. जन्मानंतर केलेली तपासणी व्यवस्थित आली असली तरी ऐकणे पुढे कमी होऊ शकते, आणि वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साचून ते तात्पुरते मंदावते. आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी ‘बेरा’ ही श्रवणतपासणी मूल झोपलेले असताना करता येते, त्यात दुखत नाही आणि मुलाने उत्तर देण्याचीही गरज नसते.

बोबडेपणाची गोष्ट वेगळी. तीन वर्षांच्या मुलाने ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘रंग’ला ‘लंग’ म्हणणे वाढीचाच भाग आहे. ‘र’ आणि ‘ळ’ तर बऱ्याच उशिरा सुधारतात. घरच्यांनाही बोलणे कळत नसेल, किंवा चार वर्षांनंतरही परक्यांना ते कळत नसेल, तर दाखवावे. दोन ते पाच या वयात काही मुले शब्दांवर अडखळतात. तेव्हा ‘हळू बोल, नीट बोल’ असे न टोकता मुलाचे वाक्य पुरे होऊ द्यावे. अडखळणे सहा महिने टिकले, बोलताना चेहरा आवळला जाऊ लागला किंवा घरात कोणी तोतरे बोलणारे असेल, तर मात्र तज्ज्ञांकडे न्यावे.

घरी करण्याचे काम वेगळा तास काढून होत नाही. ‘म्हण, पोळी म्हण’ असा आग्रह धरला की बहुतेक मुले तोंड मिटतात. त्याऐवजी पोळ्या लाटताना मुलाला समोर बसवून जे चालले आहे तेच छोट्या वाक्यांत बोलावे: ‘पीठ घेतले. गोळा केला. आता लाटते.’ त्याने ‘पोई’ म्हटले तर उच्चार दुरुस्त न करता ‘हो, गरम पोळी’ असा एक शब्द जोडून परत द्यावे. काही हवे असेल तर ‘दूध की केळे?’ असे दोन पर्याय दाखवावेत आणि मनातल्या मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प राहावे. ही शांतता मोठ्यांनाच जड जाते.

घरी मराठी, शेजारी हिंदी आणि शाळेत इंग्रजी असल्याने मूल गोंधळले, म्हणून मराठी बंद करा, असे कोणी सांगितले तर ऐकू नये. अनेक भाषा कानावर पडल्याने भाषेची वाढ खुंटत नाही, आणि आईवडिलांनी मोडक्या इंग्रजीत बोलण्यापेक्षा स्वतःच्या भाषेत भरभरून बोलणे मुलाला अधिक देते. मोबाइलबाबत जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची सूचना स्पष्ट आहे: दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी जास्तीत जास्त एक तास.

हाक मारल्यावर वळून न पाहणे, वर्ष उलटल्यावरही बोट न दाखवणे, किंवा येत असलेले शब्द बंद होणे, यांपैकी काहीही दिसल्यास महिनाभरही थांबू नये. बालरोगतज्ज्ञांकडून श्रवणतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट यांच्याकडे जावे. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारावे. शासकीय सोय हवी असल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येते आणि गरजेनुसार मुलाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते, म्हणून अंगणवाडी सेविकेकडे आधीच नाव सांगून ठेवावे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. जाताना मुलाच्या शब्दांची यादी, जन्माच्या वेळची कागदपत्रे आणि घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्यावा, कारण परक्या खोलीत बरीच मुले एक अक्षरही काढत नाहीत. थेरपी सुरू झाल्यावर बाहेरच्या बाकावर न बसता आत बसू देण्याची विनंती करावी आणि पुढच्या भेटीपर्यंत घरी नेमके काय करायचे, हे दर वेळी लिहून घ्यावे.