आठवडाभर बाहेर जाताना तट्टं, मेंढ्या आणि कुत्रे दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची तयारी

माणसांच्या बॅगा भरायला एक संध्याकाळ पुरते. जनावरांची तयारी मात्र दोन आठवडे आधी सुरू करावी. तट्टं, मेंढ्या आणि कुत्रे एकाच आवारात असले की सांभाळायला येणाऱ्याला त्यातलं बहुधा एकच जनावर नीट ठाऊक असतं. घोड्यांत वाढलेला माणूस मेंढीकडेही घोड्याच्याच नजरेने बघतो, आणि कुत्रा पाळणाऱ्याला तर ही दोन्ही जनावरं नवी. त्यातून या तिघांचं असं आहे की एकाचं खाणं दुसऱ्याला विष होतं आणि एकाचं औषध दुसऱ्याचा जीव घेतं. म्हणून माझी सगळी यादी ज्याचं त्याचं वेगळं ठेवण्याभोवती फिरते, आणि तेही असं की घाईत असलेल्या नवख्या हाताला चूक करणं अवघड जावं.

तारीख पक्की करण्याआधी मेंढ्यांचे दिवस मोजा. मेंढी साधारण १४७ दिवसांनी विते, त्यात चारपाच दिवस मागेपुढे होतात. मेंढा कळपात सोडल्याची तारीख लिहिलेली असेल तर पहिलं कोकरू केव्हा येईल याचा अंदाज बांधता येतो. त्याआधीचे दोन आठवडे आणि पुढे सगळ्या मेंढ्या विईपर्यंत बाहेरगावचा बेत आखू नये, असं माझं ठाम मत आहे. जाणं टळणारच नसेल तर सांभाळणारी बाई गरोदर नाही ना, हे संकोच न धरता विचारा. विणाऱ्या मेंढ्यांकडून गर्भपात घडवणारे जंतू माणसाला लागू शकतात. अशा बाईने कोकरू, वार, भिजलेला पेंढा यांपैकी कशालाही हात लावू नये, विणाऱ्या मेंढ्यांजवळ जाऊच नये.

तट्टूचे खूर ६ ते ८ आठवड्यांनी तासावे लागतात. ती पाळी तुमच्या गैरहजेरीत येत असेल तर नालबंदाला आधीच बोलवा. लसी, मेंढ्यांची खुरं, मागच्या बाजूची मळलेली लोकर कातरणं, हेही उरकून घ्या. या दिवसांत नवं खाद्य किंवा नवं कुरण सुरू करू नका.

खरी मेहनत आहे खाद्याच्या खोलीत. तट्टूच्या चंदीत आणि चाटणविटेत तांबं घातलेलं असतं, कारण तट्टूला त्याची गरज असते. मेंढीचं यकृत मात्र तांबं साठवत जातं, बाहेर टाकणं त्याला नीट जमत नाही. कित्येक आठवडे वरून काहीच कळत नाही. मग एके दिवशी तो साठा रक्तात उतरतो, तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या आणि डोळे पिवळे पडतात, लघवी काळपट लाल होते, आणि तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून ‘मेंढ्यांचं संपलंय, आज तट्टूचं घालू’ अशी वेळच येऊ नये इतका साठा भरून ठेवा. उलट दिशेचा धोका मोनेन्सिन नावाच्या औषधाचा. काही मेंढीखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत ते मिसळलेलं असतं, आणि घोड्याच्या जातीच्या जनावराला अगदी थोडंसुद्धा घातक ठरतं, हृदयाचे स्नायू निकामी करतं. कुत्र्यालाही ते विषारीच आहे. पोत्यावरचं लेबल वाचा, आणि तट्टं आवारात असतील तर असं खाद्य घरात आणूच नका.

दोन्ही खाद्यांची पिंपं दोन भिंतींना ठेवा, शेजारी नकोत. झाकणावर जनावराचं नाव ठळक रंगवा आणि त्याखाली ‘मेंढ्यांना देऊ नये’ किंवा ‘तट्टूंना देऊ नये’ हेही लिहा. मापटं ज्या त्या पिंपाला दोरीने बांधा. त्याहून चांगलं म्हणजे रोजचा वाटा आधीच तोलून, जनावराचं नाव आणि वेळ लिहून, पिशव्यांत भरून ठेवणं. ‘मूठभर’ म्हटलं की प्रत्येकाची मूठ वेगळी निघते. वैरणही काट्यावर तोला. तट्टूला रोज वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास सुकं गवत लागतं, म्हणजे २०० किलोच्या तट्टूला साधारण ४ किलो. तट्टू थोडक्यावर लठ्ठ होणारं जनावर आहे. कोवळ्या हिरव्या गवतावर किंवा जास्तीच्या चंदीवर त्याच्या खुरात लॅमिनायटिस होतो, म्हणजे खुराच्या भिंतीला आतल्या हाडाशी धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात. अशा वेळी तट्टू पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेतं, वळताना कचरतं, आणि खुरावर हात ठेवला की तो गरम लागतो. प्रेमापोटी दिलेली जादा चंदी हे याचं नेहमीचं कारण, त्यामुळे ‘लाड करायचे तर खरारा करा, खायला घालू नका’ हे वाक्य मी चिठ्ठीत सगळ्यांत वर लिहिते.

त्या खोलीच्या दाराला नुसती कडी पुरत नाही, तट्टू ओठांनी कडी सरकवतं. कुलूप लावा, किल्ली कुठे ते सांगा. तरीही तट्टू किंवा मेंढी धान्याच्या पिंपापर्यंत पोचलीच तर लक्षणांची वाट न बघता त्याच क्षणी पशुवैद्यांना फोन करायचा, हे स्पष्ट शब्दांत लिहा. मेंढीच्या पोटात धान्य आंबून आम्ल साठतं, तट्टूला पोटशूळ उठतो किंवा खुरं धरतात, आणि तट्टूला उलटी करता येत नाही. पहिले काही तास हाती असतात, ते ‘बघू, काही होतंय का’ म्हणण्यात घालवायचे नाहीत.

औषधांचं कपाट वेगळं आणि उंचावर हवं. तट्टूच्या जंताच्या पेस्टमध्ये आयव्हरमेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन असतं, आणि तिची मात्रा तट्टूच्या वजनाची. कॉली आणि तिच्या नात्यातल्या मेंढपाळ जातींच्या अनेक कुत्र्यांत हे औषध मेंदूत शिरण्यापासून अडवणारी व्यवस्थाच जन्मतः दुबळी असते. तट्टूच्या तोंडातून जमिनीवर सांडलेला पेस्टचा गोळा कुत्र्याने चाटला, किंवा औषध दिल्यानंतरची लीद खाल्ली, तरी तो लडखडू लागतो, आंधळा होतो, बेशुद्धही पडतो. त्यामुळे जंताचं औषध द्यायचं काम सांभाळणाऱ्यावर टाकू नका. ते तुम्ही निघण्याच्या बरंच आधी किंवा परतल्यावर करा, आणि पुढचे काही दिवस कुत्र्याला लिदीपासून लांब ठेवा.

कपाटावर तापाचा कागद चिकटवा. एकच आकडा तीन जनावरांत तीन अर्थांचा असतो. तट्टूचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, कुत्र्याचं ३८.३ ते ३९.२, मेंढीचं ३९ च्या आसपास. थर्मामीटरवर ३९.२ दिसलं तर मेंढी आणि कुत्रा ठीक आहेत, तट्टूला मात्र ताप आहे. तट्टूची नाडी जबड्याच्या हाडाखाली आतल्या बाजूला बोटांनी लागते. अंगठा लावू नका, त्यात आपलीच नाडी जाणवते. मोठ्या घोड्यात आरामाच्या वेळी मिनिटाला २८ ते ४४ ठोके असतात, तट्टूत किंचित जास्तही असू शकतात. म्हणून जाण्याच्या आधी दोनतीन सकाळी आपल्याच तट्टूची नाडी मोजून तो आकडा कागदावर घाला.

रोजच्या फेरीत काय बघायचं, हे फार बारकाईने सांगावं लागतं, कारण मेंढी आजार लपवते. ती ओरडत नाही, नुसती कळपापासून दहा पावलं लांब उभी राहते. खायला घातल्यावर न येणारी मेंढी हीच पहिली खूण. उन्हाळी दमट दिवसांत शेपटी सारखी हलवणारी, पाय आपटणारी, मागे वळून स्वतःची लोकर चावणारी मेंढी दिसली तर लोकर बाजूला सारून कातडी बघायची. माशीची अंडी दिवसभरात फुटतात आणि अळ्या जिवंत मांस खाऊ लागतात. लोकर ओलसर, काळपट आणि वासाची लागली तर थांबू नये. तशीच एक गोष्ट पाठीवर उलटलेल्या मेंढीची. जड लोकरीची किंवा गाभण मेंढी खळग्यात उताणी पडली की तिला स्वतःहून उठता येत नाही, पोटातला वायू छातीवर दाब देतो आणि काही तासांत ती दगावते. तिला कुशीवर वळवून उभं करायचं, आणि लगेच सोडून निघायचं नाही. दोन्ही गुडघ्यांत धरून पाय स्थिर होईपर्यंत तिथंच थांबायचं. नवख्याला वाटतं मेंढी लोळतेय. तट्टू लोळतं, मेंढी लोळत नाही, हे सांगून ठेवा.

तट्टूच्या बाबतीत लीद बघा. नेहमीइतकी पडली नाही, तट्टू पोटाकडे वळून बघतंय, जमीन उकरतंय, उठबस करतंय, तर पोटशूळ समजून गव्हाणीतलं खाणं काढून घ्यायचं आणि फोन करायचा. पाण्याची डोणी रोज हात घालून बघायची, नुसती लांबून नाही. तट्टूला शंभर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५ लिटर पाणी लागतं, उष्म्यात आणि सुक्या गवतावर त्याहून बरंच जास्त.

शिंगवाल्या मेंढ्या असतील तर तट्टूच्या गवताच्या जाळ्या त्यांच्या वाटेतून काढून घ्या, शिंगं अडकून गळफास बसतो. फाटकं, तारा, खिळे हे निघण्याच्या आदल्या आठवड्यात स्वतः चालत फिरून तपासा. कोकरं असतील तर तट्टं वेगळ्या कुरणात हवीत.

कुत्र्यांची यादी त्या मानाने छोटी आहे. सांभाळणाऱ्याचा शब्द कुत्रा ऐकेलच याची खात्री धरू नका, घरचा शांत कुत्राही मालक नसताना मेंढ्यांमागे धावतो. कळपाच्या बाजूला तो साखळीवरच असावा. मेलेली मेंढी किंवा वार कुत्र्याच्या तोंडी लागता कामा नये. कच्च्या मांसातल्या गाठींतून त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी गवतावर पडतात आणि मेंढीच्या मेंदूत गाठ होऊन ती एकाच दिशेला गरगर फिरू लागते. त्यांतल्याच एका जातीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात गाठी धरतात. मेलेलं जनावर झाकून कुठे ठेवायचं आणि कोणाला कळवायचं, ते लिहा.

पशुवैद्यांना आधीच कळवा की अमुक व्यक्ती फोन करेल आणि खर्च तुमच्या नावावर घालायचा. जनावर वाचण्यासारखं नसेल आणि तुमचा फोन लागत नसेल, तर वेदनेतून सोडवण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, हेही सहीनिशी लिहून द्या. परक्या माणसाला त्या प्रसंगी एकटं ठेवणं त्याच्यावरही अन्याय आहे आणि जनावरावरही.

निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळची पूर्ण फेरी सांभाळणाऱ्याला करू द्या आणि तुम्ही गप्प मागे चाला. ज्या पिंपाशी त्याचा हात थबकेल, जी कडी त्याला सापडणार नाही, ते त्याच रात्री कागदात भरा.