आयडॉलवर जीव आहे ना? मग या चुका टाळा (सांगली-साताऱ्याच्या के-पॉप फॅन्ससाठी)

विश्रामबागच्या कॅफेत किंवा पोवई नाक्यावर बसून सोलमधल्या कोरियन पॉप कलाकाराला, म्हणजे 'आयडॉल'ला, आपण काय त्रास देणार, असं वाटणं साहजिक आहे. पण आज बराचसा त्रास फोनवरूनच पोचतो. विमानतळावर पाठलाग करणारे मोजके असतात. त्यांनी काढलेले फोटो पुढे ढकलणारे मात्र हजारोंनी असतात.

चोरून काढलेला फोटो फॉरवर्ड करणं

कलाकाराच्या खासगी आयुष्यात घुसणाऱ्या फॅनला कोरियात 'सासेंग' म्हणतात. विमानाचा नंबर, हॉटेल, घराचा पत्ता, फोन नंबर या सगळ्याचा तिथे बाजार भरतो, आणि तो बघणाऱ्यांच्या लाइक्सवर चालतो. २०२३ मध्ये बीटीएस या गटातल्या जंगकुकला वीव्हर्स या फॅन्सच्या ॲपवर लिहावं लागलं, की माझ्या घरी खाणं पाठवू नका. पाठवणाऱ्यांनी ते प्रेमानेच पाठवलं होतं. पण पत्ता त्याने दिलेला नव्हता, दुखणं तिथे आहे. कोरियात ऑक्टोबर २०२१ पासून पाठलागाविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

फोटो ओळखायचा कसा? कलाकार त्या वेळी कामावर आहे का, एवढंच बघा. स्टेज, जाहीर कार्यक्रम, अधिकृत अकाउंट असेल तर शंका नको. हॉटेलची लॉबी, विमानातली सीट, नातेवाइकांसोबतचं जेवण, दवाखान्याचं दार असेल तर फोटो तुमच्यापाशीच थांबू दे.

आधीच टाकला असेल तर पोस्ट काढा, स्टोरी अर्काइव्हमधूनही काढा. व्हॉट्सॲपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' साधारण दोन दिवस चालतं. ती मुदत गेली असेल, तर ज्यांनी फोटो सेव्ह केलाय त्यांना सांगून काढायला लावा. चिडून 'बघा किती निर्लज्ज' असं लिहीत तोच फोटो पुन्हा शेअर करू नका, त्याने तो आणखी पसरतो. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात लिंक, अकाउंटचं नाव आणि तारीख दिसू दे. मग ॲपवर रिपोर्ट करा आणि कलाकाराच्या कंपनीच्या तक्रार पानावर पाठवा. एसएम एंटरटेनमेंटचं 'क्वांग्या ११९' अशाच तक्रारींसाठी आहे.

'मराठीत लिहिलंय, तिकडे कोणाला कळतंय?'

कळतं. पोस्टखाली भाषांतराचं बटण असतं. एका गटाची बाजू घेताना दुसऱ्या गटातल्या मुलीच्या वजनावर, नाकावर, आवाजावर बोलणं, प्रेमप्रकरणाची बातमी आली की 'आम्ही तुला मोठं केलं' म्हणून हिशेब मागणं, हे सगळं ती व्यक्ती वाचू शकते. ऑक्टोबर २०१९ मध्ये गायिका सुल्लीचा मृत्यू झाला, पुढच्याच महिन्यात गायिका गू हाराचा. दोघींनी वर्षानुवर्षं विखारी कमेंट्स सोसल्या होत्या. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस 'दाउम' या कोरियन पोर्टलने आणि मार्च २०२० मध्ये 'नेव्हर' या पोर्टलने मनोरंजनाच्या बातम्यांखालच्या कमेंट्स बंद केल्या. एवढ्या मोठ्या पोर्टल्सना दार लावून घ्यावं लागलं, यावरून ते विष किती होतं ते समजा.

भांडणात पडलाच असाल तर उत्तर देणं थांबवा. प्रत्येक उत्तराने ती पोस्ट वर येते.

ओप्पा कोण कोणाला म्हणतं

आपल्याकडे 'दादा' कोणीही म्हणतं. कोरियनमध्ये बोलणारी मुलगी आहे की मुलगा, यावर शब्द बदलतो. मोठ्या भावाला मुलगी 'ओप्पा' म्हणते, मुलगा 'ह्योंग'. मोठ्या बहिणीला मुलगी 'ओन्नी', मुलगा 'नूना'. तिशीतल्या ताईंनी बावीस वर्षांच्या मुलाला ओप्पा लिहिलं तर ते विचित्र वाटतं. शंका असेल तर नावानंतर 'नीम' किंवा 'शी' (आपल्या 'जी'सारखं) लावा. आडनाव आधी येतं: किम नामजूनमधलं किम हे आडनाव. नुसतं 'किम' म्हणून हाक मारू नका.

वेळ आणि लाइव्ह

कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे रात्रीचे बारा म्हणजे इथे आदल्या दिवशीचे साडेआठ. १३ जूनला बीटीएसचा वर्धापनदिन. शुभेच्छा वेळेवर हव्या असतील तर सांगलीत १२ जूनच्या रात्री साडेआठला तयार राहा. लाइव्हमध्ये 'कम टू इंडिया' पन्नास वेळा चिकटवलं की इतरांचे प्रश्न वाहून जातात. एकदा लिहा, गाण्याबद्दल लिहा. बबलसारख्या ॲपवर पैसे देऊन घेतलेल्या कलाकाराच्या मेसेजचे स्क्रीनशॉट बाहेर टाकू नका. नियमातच बंदी आहे.

भेटवस्तू

कंदी पेढे किंवा बेदाणे पाठवायचा मोह होतो. पाठवू नका. दुधाचे पदार्थ तिथल्या तपासणीत अडकतात आणि अनोळखी माणसाकडून आलेलं खाणं सुरक्षेसाठी कलाकारापर्यंत जात नाही. अनेक कंपन्या आता फक्त पत्रं घेतात. म्हणून आधी कंपनीची सूचना वाचा. पत्र दोन पानांच्या आत लिहा, पाकिटावर गटाचं आणि कलाकाराचं नाव कोरियन व इंग्रजीत टाका, पत्ता कंपनीनेच जाहीर केलेला वापरा. आत रोख पैसे आणि फोन नंबर नको. कोणते गाणे कधी ऐकले, त्याने काय झाले, हे लिहा. पत्र वाचलं जातं ते त्यासाठी.

शोला मुंबईला जाताना

लाइटस्टिक (शोमध्ये हातात धरायचा गटाचा दिवा) हनुवटीच्या वर गेली की मागच्याला स्टेज दिसत नाही. बीटीएसच्या लाइटस्टिकला ट्रिपल ए आकाराच्या तीन बॅटऱ्या लागतात. तिन्ही नव्या अल्कलाइन घाला, जुनी-नवी मिसळू नका, घरी आल्यावर काढून ठेवा. आत राहिल्या तर गळतात आणि स्प्रिंग गंजते. लाइटस्टिकची सीट नंबरशी जोडणी तिच्या ॲपवर आधीच करा.

स्टेजवर काही फेकू नका, मऊ खेळणंही नाही. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला फेकलेला फोन अमेरिकन गायिका बीबी रेक्साच्या भुवईपाशी लागला आणि टाके घालावे लागले.

शो दहाला संपतो, तोवर महालक्ष्मी एक्सप्रेस सीएसएमटीहून सुटलेली असते. मग वेळ काढायला पोरं मागच्या गेटवर किंवा कलाकाराच्या हॉटेलखाली जमतात. यावर उपाय साधा आहे: रात्री उशिराची सांगली-सातारा ट्रॅव्हल्स आधीच बुक करा, नाहीतर मुक्कामाची सोय करून निघा. गाडी जवळून गेली तर हात हलवा, काचेवर थापा मारू नका, मागे धावू नका.

वाढदिवसाचा फ्लेक्स

चौकात लावायचा असेल तर महापालिकेची किंवा नगरपालिकेची परवानगी घ्या आणि मुदत संपली की त्याच रात्री उतरवा. नाहीतर ज्या चेहऱ्यासाठी लावला तोच चेहरा आठवड्याने गटारीत लोळतो. फॅनसाइटचा (कलाकाराचे फोटो काढून टाकणाऱ्या फॅनच्या पानाचा) फोटो वापरताना त्यावरचं चिन्ह कापू नका, आधी विचारा. कॅफेत कप-स्लीव्ह (कपाभोवती बसणारी छापील पट्टी) वाटणं जास्त बरं: तिथल्या कपाचा घेर मोजा, आधी एकच नमुना छापून कपावर बसवून बघा, मग बाकीचे छापा. वर्गणी काढलीत तर कोणाचे किती, छपाई किती, उरले किती, हे बिलांच्या फोटोसह त्याच ग्रुपवर टाका. पैशाचा घोळ झाला तर लोक तुमचं नाव विसरतात, आयडॉलचं लक्षात ठेवतात.